ओदिलच्या उंचीच्या खुणा

व्हालब्रूसहून ला बोरीला जाणारी डोंगरवाट किती लांब आहे, हे अबेल केरोलला विचारण्यात काही अर्थ नव्हता. माणूस चर्चपाशी ताज्या दमाचा उभा असो, नाहीतर वरच्या खिंडीत क्रूसाला टेकून धापा टाकत असो, अबेलचं उत्तर ठरलेलं: "अर्धा तास." एकदा एका जर्मन बाईला तो सकाळी गावात भेटला आणि मग दीड तासानं डोंगरावर कुंपण छाटताना पुन्हा भेटला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मघाशीही तुम्ही अर्धा तासच म्हणाला होतात!" अबेलनं कात्री खाली ठेवली, टोपी मागे सरकवली आणि शांतपणे म्हणाला, "बाई, मी शब्द फिरवणारा माणूस नाही."

वाट होती सात किलोमीटरची, आणि चांगल्या पायांना अडीच तास लागायचे. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अडतीस वर्षं तो गावच्या कचेरीत रस्त्यांवरचा माणूस होता. गटारं उपसायची, कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात चढावर मीठ टाकायचं, मेलेला साळिंदर उचलायचा, हेच त्याचं काम. सैन्यातलं सक्तीचं वर्ष सोडलं तर त्यानं गावाबाहेर मुक्काम म्हणून केला नाही. बायको केली तीही डोंगरापलीकडची, ला बोरीची. लग्नाआधी दोन वर्षं दर रविवारी तो हीच वाट चढून ओदिलला भेटायला जायचा आणि संध्याकाळी तिच्या बापानं घड्याळाकडे बघून खाकरलं की उतरून घरी यायचा. त्या काळात मात्र त्याला ती वाट खरोखरच अर्ध्या तासाची वाटायची, असं ओदिल सांगायची. तो स्वतः असलं काही कबूल करणाऱ्यातला नव्हता.

जिल्ह्याच्या वाटा-समितीनं ती वाट पायी फिरणाऱ्यांसाठी नोंदवली, त्याला एकतीस वर्षं झाली. पिवळ्या रंगाच्या खुणा मारायला कुणीतरी गावातला माणूस हवा होता. पगार नाही, मान नाही, वर्षाला रंगाचा एक डबा मिळणार. अबेलनं हात वर केला. त्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो डबा, ब्रश आणि पत्र्याचा साचा घेऊन निघाला आणि संध्याकाळी सासरी पोचला तो स्वारी जिंकून आल्याच्या थाटात. झाडं, दगड, खांब, जिथे माणूस बुचकळ्यात पडेल तिथे अर्ध्या वितीची पिवळी पट्टी. एक चुकवली नव्हती.

ओदिल गाडी घेऊन त्याला न्यायला आलेली. तिनं कौतुकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि यायच्या?"

"यायच्या काय?"

"येतानाच्या खुणा. तू मारल्यास त्या सगळ्या जाणाऱ्याला दिसतात. उलटा येणारा माणूस झाडाची पाठ बघतो ना?"

अबेलनं ब्रशची दांडी फडक्यानं पुसली. मग म्हणाला, "उलटं कशाला येईल कुणी? आलेली वाट माणसाला माहीत असते."

"आणि जो ला बोरीहूनच निघेल तो? की माझ्या गावची माणसं माणसं नाहीत?"

पुढच्या शनिवारी ओदिल तिच्या धाकट्या बहिणीकडे, जिनेतकडे, मुक्कामाला गेली. रविवारी सकाळी तिनं ला बोरीत जिनेतच्या बागेच्या भिंतीपासून पहिली खूण मारली आणि मारत मारत घरी आली. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. जाण्याची वाट अबेलची, परतीची ओदिलची. एप्रिलचा पहिला रविवार त्याचा, दुसरा तिचा.

आता ओदिल होती जेमतेम दीड मीटर उंच आणि वर थोडा राग. समितीच्या नियमात लिहिलंय की खूण डोळ्यांच्या उंचीवर हवी. तिनं ती आपल्या डोळ्यांच्या उंचीवर मारली, आणि चढ ती नेहमी वाकून चढायची. त्यामुळे जाताना खुणा छातीताठ आणि येताना पोटाशी, अशी ती जिल्ह्यातली एकमेव वाट असावी.

"कुत्र्यांसाठी मारतेस का गं?" अबेल विचारायचा.

"कुत्रा वाट चुकत नाही. चुकतात ते तुझ्यासारखे मान वर करून चालणारे."

तिच्या रविवारी अबेल स्वयंपाक करायचा. त्याला एकच पदार्थ यायचा, लसणाचं सूप, शिळ्या पावाचे तुकडे घातलेलं. ते चुलीवर ठेवून तो मागच्या दारी बाकावर बसून राहायचा. बागेच्या टोकाला एक जुना अक्रोड आहे. वाट डोंगरावरून उतरते ती थेट त्याच्या मागे, आणि तिथे तिला दोन फाटे फुटतात. डावा नदीकडे पडक्या गिरणीशी जातो, उजवा दोन बागांच्या भिंतींमधून गावात. अक्रोडाच्या डोंगराकडच्या अंगाला ओदिलची शेवटची खूण. तिथे थोडी खुडबुड झाली की अबेलला कळायचं, आली. मग ती झाडामागून बाहेर यायची. बोटं पिवळी, नाकाचा शेंडा पिवळा.

"पाय होते की लाकडं?" तो बसल्या जागेवरून ओरडायचा. "दोनदा तापवलं सूप!"

"पहिल्यांदा करपवलं असशील, म्हणून," ती म्हणायची. मग तो खिशातून टर्पेंटाइनचं फडकं काढून तिच्या हातात द्यायचा. नाक ती पुसायची नाही, ते तो पुसायचा.

ओदिल गेली त्याला आता तीन वर्षं झाली. जानेवारीत, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले हृदय. अबेलला ते पटलं नाही. त्या आधीच्या एप्रिलमध्ये तर ती डोंगर चढून-उतरून आली होती, रंगाचा डबा घेऊन! असल्या बाईचं हृदय कसं थांबेल?

पुढच्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो डबा घेऊन निघाला, आपल्या खुणा रंगवल्या. दुसऱ्या रविवारी बाकावर बसून राहिला. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. जाताना मध्ये मध्ये थांबून तो मागे वळायचा, तिची खूण बघायचा, तिच्यावर हात ठेवायचा आणि पुढे चालू लागायचा. नव्या रंगासाठी जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडावा लागतो. तो हात त्याच्यानं उचलला जाईना. खुणा फिक्या पडल्या. ओकच्या खोडांवरच्या साली सुटल्या, भिंतींवरच्या खुणांवर दगडफूल चढलं. आणि उलट्या दिशेनं येणारी माणसं वाट चुकू लागली.

एप्रिल अर्धा झाला तेव्हा समितीची क्लेमांस नावाची पोरगी बसनं आली. तिशीच्या आतली, बुटांना चिखल, हातात एक जाड फाईल. अबेलनं तिला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि स्वतः हाताची घडी घालून समोर बसला. घडी घातलेले हात बघूनच तिला पुढचं कळलं असावं.

"मस्यू केरोल, तुमची वाट आमच्या सगळ्यात सुंदर वाटांपैकी एक आहे."

"हं. आता 'पण' येऊ दे."

"पण परत येताना वाचता येत नाही. गेल्या वर्षी पाच तक्रारी आल्या. एक बेल्जियमचं जोडपं ला बोरीच्या रिगालच्या गोठ्यामागे, शेणखड्ड्यापर्यंत पोचलं. एक निवृत्त शिक्षिका बैलाच्या कुरणात शिरल्या."

"बैलानं काय केलं?"

"बैलानं काही नाही केलं. बाई सफरचंदाच्या झाडावर चढल्या. चाळीस मिनिटं वर होत्या."

"मग झाड चांगलं ओळखीचं झालं असेल."

क्लेमांसला हसू आलं, पण तिनं ते कॉफीत बुडवलं. "आणि बाकीचे तीन जण इथेच चुकले, तुमच्या अक्रोडापाशी. घर समोर दिसत असताना नदीवर उतरले. तिथल्या खुणेचं आता काही शिल्लकच नाहीये."

"आहे तिथे रंग."

"मला दिसला नाही."

"मला दिसतो."

तिनं फाईल मिटली. गावात तिला कुणीतरी सांगितलं असणार, त्या खुणा कुणाच्या ते. मग हळू आवाजात म्हणाली, "हवं तर मी शहरातून दोघं पाठवते. एका दिवसात खरवडून, रंगवून देतील. तुम्हाला बघायलासुद्धा नको."

"तिच्या वाटेवर दुसऱ्याचा ब्रश?" अबेलनं कप असा ठेवला की बशी वाजली. "त्या दोघांना सांग, यायचंच तर आधी बैलाच्या कुरणातून या."

"मग तुम्ही करा. आमच्या वाटांचं पुस्तक मे महिन्यात छापायला जातंय. दोन्हीकडून वाचता येत नाही ती वाट त्यात नसेल. हा माझा नियम नाही, समितीचा आहे. आणि पुस्तकात नाही म्हटल्यावर माणसं येणार नाहीत. माणसं चालली नाहीत की दोन वर्षांत काटेरी जाळ्या तिला गिळतील. रस्त्यावर आयुष्य काढलंत तुम्ही, मी काय सांगू तुम्हाला?"

हे तिनं खोटं सांगितलं असतं तर अबेल भांडला असता. खरं होतं, म्हणून तो खिडकीबाहेर बघू लागला.

"तीस तारखेला, मंगळवारी, मी ला बोरीहून निघेन," क्लेमांस उठता उठता म्हणाली. "नकाशा नाही, फोन बंद. नुसत्या खुणा बघत. इथवर पोचले तर वाट पुस्तकात राहील." दाराशी ती थांबली. "बसचा थांबा किती लांब आहे इथून?"

"अर्धा तास," अबेल म्हणाला.

थांबा समोरच होता. ती सकाळी तिथेच उतरली होती.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी अबेलनं गाडी काढली आणि रस्त्यानं ला बोरीला गेला. डबा, ब्रश, साचा, तारेचा ब्रश, सगळं घेतलं. परतीची पहिली खूण जिनेतच्या बागेच्या भिंतीवर आहे, कोपऱ्यातल्या दगडावर. तो त्या दगडासमोर जाऊन उभा राहिला. दोन पिवळे ओरखडे आणि त्यांच्यावर राखाडी दगडफूल, एवढंच उरलं होतं. त्यानं तारेचा ब्रश उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला.

जिनेत खिडकीतून बघत होती. ही बाई बहात्तर वर्षांची, ओदिलपेक्षा टाचभर उंच आणि जिभेनं हातभर. दहा मिनिटं तिनं कळ काढली, मग बागेत येऊन भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली.

"दगडाचा फोटो काढतोयस का?"

"तुझं काम कर जा, जिनेत."

"माझंच काम आहे. भिंत माझी आहे."

अबेलनं ब्रश खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पाहिलं म्हणून त्याला रागही आला होता. "नाही होत माझ्यानं. तिच्या हातचा रंग आहे हा. शेवटचा. तो मी माझ्या हातानं खरवडायचा? राहू दे. पुस्तकात नसेल तर नसेल."

जिनेतनं त्याच्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. तीन वर्षं तू याच्यासाठी बसलायस?"

"मग कशासाठी?"

"अबेल, हा रंग ओदिलचा नाही. माझा आहे."

अबेलला वाटलं म्हातारी सांत्वन करतेय, आणि तेही वाईट करतेय. पण जिनेतला सांत्वन कधी जमलंच नव्हतं. ती भिंतीला वळसा घालून बाहेर आली आणि दगडावर बसली.

"शेवटची दोन वर्षं सगळ्या खुणा मी मारल्या. तिला चढ चढवत नव्हता. दहा पावलं चालली की ओठ निळे व्हायचे. शनिवारी यायची, इथे झोपायची. रविवारी मी डबा घेऊन निघायचे, तिच्या उंचीवर मारत, कंबर मोडून! आणि रिगाल तिला व्हॅनमधून तुमच्या गावावरच्या चॅपेलपर्यंत सोडायचा. तिथे बसून राहायची माझी वाट बघत. मी आले की डबा घ्यायची, बोटं बुडवायची आणि उतरायची खाली. दोनशे पावलं. तेवढ्याला तिला अर्धा तास लागायचा."

"आणि नाक?"

"नाकाला मी लावायचे. ती म्हणायची, नाकाला नसेल तर त्याला खरं वाटायचं नाही."

अबेल उभाच होता. त्याचा आवाज एकदम चढला. "म्हणजे तुला माहीत होतं! ती आजारी आहे हे तुला माहीत होतं, आणि मला नाही? रिगाललाही माहीत होतं?"

"रिगालच्या गाईंनाही माहीत होतं."

"चाळीस वर्षांहून जास्त संसार केला मी तिच्याशी, जिनेत! आणि मी तिला बाकावरून ओरडायचो. पाय होते की लाकडं! हे बोलायचो मी तिला! एकदा सांगायचं होतंस मला. एकदा!"

"सांगणार होते," जिनेत म्हणाली. "तिनं शपथ घातली. म्हणाली, त्याला कळलं तर तो डबा माळ्यावर टाकेल, मला खुर्चीत बसवेल आणि समोर स्वतः बसेल माझ्याकडे बघत. तसं कुणी माझ्याकडे बघत बसलेलं नको मला. म्हणाली, एप्रिलमध्ये त्याला सूप करू दे आणि माझ्यावर ओरडू दे. ते ऐकायला ती उतरायची, गाढवा. त्या दोनशे पावलांसाठी ती अख्खा हिवाळा श्वास राखून ठेवायची."

अबेल भिंतीशी टेकला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. रस्त्यानं रिगालची गुरं गेली, त्यांच्यामागून रिगाल गेला. त्यानं हात केला, आणि दोघांचे चेहरे बघून न थांबता पुढे सटकला.

शेवटी अबेलनं नाक शिंकरलं. "तुझा आहे म्हणतेस ना हा रंग?"

"माझा."

"तरीच म्हटलं, कडा वाकड्या कशा."

त्यानं तारेचा ब्रश उचलला आणि दगड घासायला घेतला. दगडफूल गेलं, जिनेतचा पिवळा भुकटी होऊन गळला. त्याच्याखालून आणखी एक पिवळा वर आला, गडद, जवळजवळ नारिंगी. ते वर्ष त्याला आठवलं. दुकानात नेहमीचा रंग नव्हता आणि ओदिलनं दुसराच डबा उचलून आणला होता. चार दिवस ते त्यावरून भांडले होते. अबेलचा हात थांबला.

"एवढंच खरवडायचं," तो म्हणाला. "तुझा काढला. तिचा खाली राहू दे."

त्यानं साचा धरला, तिच्याच उंचीवर, आणि वरून नवा रंग दिला.

"नियम डोळ्यांच्या उंचीचा आहे," जिनेत म्हणाली.

"डोळ्यांच्याच उंचीची आहे. कुणाचे डोळे, ते नियमात लिहिलेलं नाही."

जिनेतनं घरात जाऊन काठी आणली, पालेभाजीची धिरडी फडक्यात बांधून घेतली आणि त्याच्यासोबत निघाली. त्याला ते नको होतं. तिनं विचारलंच नव्हतं. दोघं मिळून दीडशे वर्षांची माणसं, खुणेगणिक थांबत, डोंगर चढली. तो खरवडायचा, ती साचा धरायची, तो रंगवायचा. प्रत्येक खुणेला त्याला अर्धं वाकावं लागत होतं, आणि खिंडीत पोचेपर्यंत त्याची कंबर बोलायला लागली.

"दोन वर्षं केलं मी हे," जिनेत समाधानानं म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं नाही, जिनेत, कंबर कशी आहे?"

"कशी आहे कंबर, जिनेत?"

"आता विचारतोय. किती राहिलं अजून?"

"अर्धा तास."

चॅपेलपाशी रिगाल तिला न्यायला व्हॅन घेऊन आला होता. अबेलकडे बघायचं त्यानं टाळलं. जिनेत म्हणाली, "थांब पाच मिनिटं," आणि अबेलबरोबर ती दोनशे पावलं उतरली. अक्रोडामागे पोचल्यावर अबेलनं डब्याचं झाकण उघडलं, तर तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ही माझी नाही."

"काय?"

"ही तिची. दोन्ही वर्षं हिला मी हात लावला नाही. एवढी एक ती स्वतः मारायची." जिनेतनं हात काढून घेतला. "तुला सांगितल्याशिवाय राहवलं नसतं. आता तू आणि ती बघून घ्या."

वरून व्हॅनचा भोंगा वाजला. ती काठी टेकत चढून गेली. अबेलनं डब्याला झाकण लावलं आणि घरी गेला.

सोमवारी तो तिकडे फिरकला नाही. मंगळवारी सकाळी नऊला जिनेतचा फोन आला. "खायला घातलं पोरीला. निघाली. फोन बंद करून माझ्यासमोर पिशवीत टाकला."

अबेल डबा घेऊन अक्रोडामागे गेला आणि खुणेसमोर मुळावर बसला. पट्टी फिकी होती, सालीच्या खाचांत तेवढी उरलेली. एक कड वर गेलेली, दुसरी खाली. आणि खालच्या कडेवरून रंगाचा एक ओघळ, करंगळीएवढा, झाडावर उतरलेला. तो ओघळ त्याला चांगला आठवत होता. त्याच संध्याकाळी त्यानं तो पाहिला होता आणि वर ओदिलला ऐकवलंही होतं, "एवढी वर्षं झाली, अजून रंग ओघळू देतेस?" ती म्हणाली होती, "झाडच तिरकं आहे." आणि सूप प्यायली होती, वाटी दोन्ही हातांनी धरून. दोन्ही हातांनी का धरली, हे तेव्हा त्यानं विचारलं नाही.

तो बराच वेळ बसला. ही एक सोडली तर काय होईल? समितीला काय, जिनेत काहीतरी थाप मारेल. पण वरून एक पोरगी येत होती, खाली बघत, खुणेवर विश्वास ठेवून. अडीच तास चालून दमलेली इथे पोचेल, इथे तिला काही दिसणार नाही, आणि घराच्या दारातून ती नदीवर उतरेल. दोनशे पावलांसाठी जी बाई हिवाळाभर श्वास राखायची, तिनं ती पावलं टाकली ती शेवटी इथे ब्रश टेकवायला. आणि अबेल ती खूण जपून जपून कुणालाच दिसू देत नव्हता. या विचारानं त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं खरवडलं नाही. साचा ओदिलच्या पट्टीवर बसवला, गुडघ्यावर बसून, आणि वरूनच रंग दिला, दोन हात, कडा नीट. खालचा ओघळ तेवढा त्यानं तसाच ठेवला. नियमात ओघळाबद्दल काही नाही.

मग तो घरात गेला, लसूण सोलला, शिळा पाव कापला, सूप चुलीवर ठेवलं आणि बाकावर येऊन बसला. साडेअकरा वाजले. बारा वाजले. सूप उकळून निवलं, त्यानं ते पुन्हा तापवलं. साडेबारा. कुठली खूण राहिली? खिंडीतला दगड? की बैलाचं कुरण? तो दोनदा उठला आणि दोनदा बसला. तिसऱ्यांदा उठणार, तेवढ्यात अक्रोडामागे थोडी खुडबुड झाली.

क्लेमांस झाडामागून बाहेर आली. केसांत पानं, बोटं पिवळी, नाकाचा शेंडा पिवळा.

"पाय होते की लाकडं?" अबेल ओरडला. ते त्याच्या तोंडून गेलं तेव्हा त्याला कळलं, आणि मग थांबवताही येईना. "दोनदा तापवलं सूप!"

पोरगी दचकली, मग हसत सुटली. "तुमच्या खुणा किती खाली आहेत! सगळा वेळ मान खाली घालून चालले. म्हणून मग खाली काय काय दिसलं, ऑर्किड होते, मी बसलेच तिथे अर्धा तास. पण एकही चुकले नाही, मस्यू केरोल. एकही नाही. इथे जरा शंका आली, म्हणून हात लावून बघितला, तर ओली निघाली!" तिनं बोटं पुढे केली. "घाम पुसताना नाकालाही लागलं वाटतं."

अबेलचा हात खिशात गेला. फडकं तिथेच होतं, टर्पेंटाइन लावलेलं. ते त्यानं सकाळी कधी भिजवून ठेवलं, त्याला आठवेना. त्यानं ते तिच्या हातात दिलं, आणि ती बोटं पुसत होती तोवर अक्रोडाकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं या वेळी लपवलं नाही, आणि क्लेमांसनंही न दिसल्यासारखं केलं नाही. ती बाकावर त्याच्या शेजारी बसली.

"वाट पुस्तकात आहे," मग ती म्हणाली. "परतीच्या खुणा कुणाच्या, तेही मी लिहीन. आता निघते. बस गाठायचीय. थांबा किती लांब आहे?"

अबेलनं टोपी मागे सरकवली. "अर्धा तास."

क्लेमांसनं घराच्या कोपऱ्यावरून दिसणाऱ्या थांब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मग जेवूनच निघते," ती म्हणाली, आणि अबेल दोन वाट्या काढायला आत गेला.